अल-फनारची मोजमापे

लांबी चोवीस मीटर, रुंदी अकरा.
उंची लिहायची तर आधी विचारावे लागेल
कोणत्या सालची.
पहिली नऊ वर्षे ह्याला छप्परच नव्हते.

मत्रहच्या बंदरामागे, खजुराच्या वखारीला टेकून
मुर्तझा शेठने चार भिंती बांधल्या, त्यातली एक पांढरी.
रात्री दहिवर पडायचे. लोखंडी खुर्चीवर
बसण्याआधी जो तो रुमाल फिरवायचा.
हवा इतकी दमट की यंत्रातून निघालेला उजेड
चाचपता यावा, खांबासारखा.

मागच्या काळ्या, नागड्या डोंगराला तिकीट नव्हते.
बलुची पोरे तिथे चढून बसत.
त्यांच्या वाट्याला आवाज कमी, चंद्र जास्त.

रिळे मुंबईहून लाँचने यायची. कधी तिसरे आधी,
पहिले पुढच्या आठवड्यात.
नायिका अगोदर विधवा व्हायची, मग तिचे लग्न.
कुणी तक्रार केली नाही.
घरची पत्रेही आम्हांला तशीच मिळत :
आधी बारसे झाल्याचे,
मग दिवस गेल्याचे.

यंत्रावर अब्बास सरखोत, दाभोळचा.
शेठची ताकीद : दोन तोंडे जवळ आली
की भिंगापुढे हात.
तो हात आम्ही सगळे ओळखायचो.
करंगळी अर्धी, लाँचच्या दोरात गेलेली;
तेवढ्या फटीतून थोडेसे ओठ सुटायचे
आणि डोंगरावरून शिट्टी.

एकदा मराठी चित्र लागले.
अब्बासने स्वतःच्या पगाराची हमी दिली होती.
आलो तेवीस जण, त्यात एक तेलुगू, चुकून.
खिडकीतून अब्बास दबक्या आवाजात ओरडला,
"हसा रे मोठ्यान, शेट भायेर उभा हाय!"
हसलो. बाप मरतो त्या प्रसंगालाही हसलो.
तेलुगू माणूस आमच्याकडे बघत राहिला.

मग पत्रे टाकले, गार हवेचे यंत्र बसवले.
डोंगर रिकामा झाला.
मग व्हिडिओ घरोघर, आणि आत उरलो आम्ही,
स्वेटर नसलेले.
शेवटच्या खेळाला कोण होते, आठवत नाही.
तो शेवटचा आहे हे कुणी सांगितले नव्हते.
अब्बास त्याआधीच गावी गेला, की नंतर?
लोक दोन्ही सांगतात.

आज कंपनीने फीत आणि वही देऊन पाठवले.
नकाशात इथे अडतीस गाड्या उभ्या आहेत.
वर चढलो. यंत्राची खोली दोन बाय तीन,
खिडकी पंचवीस सेंटिमीटर चौरस,
तिच्या डाव्या कडेला तेलकट डाग,
वर्षानुवर्षे हात टेकून पडलेला.
मोजला.
अंगठा, आणि साडेतीन बोटे.

खालून मदतनीस ओरडतोय,
"साहेब, उंची राहिली."
पत्रे गंजून दोन ठिकाणी उडाले आहेत.
फीत हातात धरून मी वर बघतो,
त्याला म्हणतो, थांब जरा.