चौदा नंबरची बाटली

बाटली उलटी करायची आणि साठपर्यंत मोजायचं.
तेल ओघळलं नाही, तर ते तेल राहिलेलं नसतं.
आणि असतंही: शंभरात सत्त्याण्णव भाग तेलच,
तीन भाग मेण त्याला धरून उभं.

सान लुईस पोतोसीतल्या या खोलीत
मी करडईचं तेल तापवते.
कांदेलियाचं मेण त्यात विरघळतं, मग निवतं,
आणि सूक्ष्मदर्शकाच्या काळोखात
पांढऱ्या सुया एकमेकींत अडकत जातात
निवडुंगाच्या कुंपणासारख्या.

कुंपण तेलाला अडवतं, एवढंच.
हवा आत शिरतेच. तेल जागच्या जागी खवटतं.
म्हणून डॉक्टर ओल्वेरा म्हणाल्या,
रोझमेरीचा अर्क घाल, थोडं ई जीवनसत्त्व,
दोन्ही मिळून, मापं बदलत बदलत.

नऊ नंबर: सुया बारीक, दाट. घट्ट.
अकरा: तसंच, जरा ढगाळ.
चौदा: महिन्यानंतरही वास कोवळा,
पण उलटी करताच तेल काचेवरून
चोरपावलांनी खाली.
कुंपणानं शेत खाल्लेलं ऐकलं होतं;
इथे राखणदारानंच कुंपण खाल्लं.

मेण कोआविलाच्या माळावरून येतं.
माझे वडील, सेवेरो, चाळीस वर्षं
कांदेलियाच्या काड्यांच्या मोळ्या
उकळत्या कढईत पायांनी दाबत आले,
वरून गंधकाचं आम्ल,
मग मेणाचा फेस झाऱ्यानं काढायचा.
त्या वाफेनं त्यांचं नाक गेलं.
कॉफी असो की जळालेलं रबर, त्यांना सारखंच.

नाताळात ते इथे आले. टोपी हातात धरून
दारातच उभे राहिले, जणू गिरजाघर आहे.
मी नऊ नंबर पुढे केला, अभिमानानं.
त्यांनी नुसती मान हलवली.
मग टाकून द्यायच्या ट्रेमधून चौदा उचलली,
हुंगलीही नाही,
तळव्यावर ओतली
आणि बोटांच्या पेरांतल्या जुन्या भेगांत
हळूहळू, एकेक भेग शोधून, चोळत राहिले.

"हे मुरतं, ओदिला," म्हणाले. "ते दुसरं नुसतं वर बसेल."

वहीत चौदासमोर मी आधीच लिहिलं होतं: बाद.
ते खोडलं नाही.
शेजारी लिहिलं: मुरतं.
एककाचा रकाना
तेवढा कोरा आहे.