शिंगडा

मोरणी गेली त्याला सात महिने झाले.
आबांनी डावं शिंग उकिरड्यात पुरून ठेवलं होतं,
आतला गाभा किडेच साफ करतात म्हणून.
उकरून काढलं तेव्हा हाताला हलकं लागलं,
आणि वास,
तो सांगत नाही.

पंढरपुरी जात. शिंगं पाठीवरून पार मागं गेलेली,
शेपटी पुरली नाही तर
माशी हाकायला शिंगाचं टोक असायचं.

इंगवले वस्तादांनी मागितलं म्हणून करते आहे.
खंडेनवमीला तालमीत हत्यारं मांडतात,
तोड्याच्या बंदुकीशेजारचा जुना शिंगडा
कसरीनं फस्त केला.
"बारूद कोण भरतंय आता," ते म्हणाले,
"पर मांडणीत जागा मोकळी दिसती गं."

दस्तगीरचाचा शिकलगार शेजारी बसून सांगतात.
उकळत्या पाण्यात धर. नरम आहे तोवर बूड गोल कर.
काचेच्या तुकड्यानं खरवड,
मशीन नको, मशीनला कुठं थांबायचं कळत नाही.
पोकळी कुठवर गेलीय ते बघायला
मी सायकलची तार आत घातली,
तेवढीच बाहेरून धरली, खूण केली,
गिरमिट फिरवलं.
केस जळल्यासारखा वास, नखासारखा भुगा.
बुडाला जांभळाची चकती, पितळी खिळे.
आठवा वाकला. तसाच ठोकला.

वळ्या मोजल्या. वेतागणिक एक, आबा म्हणतात.
भरल्या दहा, वेतं सात.
उरलेल्या तिघींचं आबांनाही ठाऊक नाही.

खरवडताना रंग निघत राहिला.
पाडव्याचा ऑइलपेंट, थरावर थर:
तांबडा, त्याखाली हिरवा,
त्याखाली मी नववीत असतानाचा चंदेरी.
त्या वर्षी दादाच्या मोटरसायकलमागं
ती मोरपिसांसकट पळाली होती, सायलेन्सर काढलेला,
आणि मी नुसती ओरडत होते.
चंदेरी एका खाचेत राहिला. राहू दिला.

"काहीतरी कोर," चाचा म्हणाले, "वाघ काढ, वस्ताद खूश हुतील."
काळ्या शिंगावर सुई पांढरं उमटवते,
वर चुना चोळायचा.
वाघ काढला. मांजर झालं.
चाचा हसले नाहीत.
"असू दे. ते बी त्याच घरातलं."

मग मला येतं ते कोरलं:
गंगावेशीचा कट्टा, रात्रीचे साडेनऊ,
पितळी पेल्यांची उतरंड,
बसलेली मी, फक्त पाठ,
आणि चार सड.
मोरणीचं तोंड नाही काढलं.
तिच्याच अंगावर तिला कशाला काढायची?

कुठं फट राहिलीय का बघायला
चाचांनी मूठभर नाचणी ओतली, बूच दाबलं,
माझ्या कानाशी धरून हलवलं.
कुर्र. थांबून पुन्हा कुर्र.
दुपारी तीनला, वैरण संपल्यावर,
गोठ्यात पंखा बंद असला की
हेच ऐकू यायचं.

वस्ताद उद्या न्यायला येणार आहेत.
नाचणी काढून ठेव म्हणालेत चाचा, किडे होतील.
काढते.
सकाळी काढते.