एक कार्बन उणा

आबांनी चाळीस वर्षं कोईमतूरच्या एका गल्लीत
सोनं गाळलं. मूस, सवागी, तेजाब.
कसाला उतरेपर्यंत जाळत राहायचं
जे सोनं नाही ते.

आज विट्याहून आले एस.टी.नं,
विश्रामबागेतल्या माझ्या काळोख्या प्रयोगशाळेत.
मी हिरा दाखवला, तिळाएवढा.
"ह्यात डाग हाय की."

डागच पाहिजे, आबा.
इथला एक कार्बन उणा आहे, शेजारी नायट्रोजन आगंतुक.
त्या रिकाम्या जागेत अडकलेले इलेक्ट्रॉन
हिरवा उजेड पितात, लाल परत देतात;
स्पिन शून्य असेल तर लख्ख,
एक असेल तर जरा मंद.

पडद्यावर रेघ सरळ चाललेली,
दोन पूर्णांक सत्त्याऐंशी गिगाहर्ट्झवर एकच खळी.
आबा वाकले हिऱ्यावर, नीट बघायला,
आणि खळीच्या दोन झाल्या.

वायरी तपासल्या. लेसर. पुन्हा वायरी.
मग विचारलं, खिशात काय आहे तुमच्या?

चुंबक. नखाएवढा.
कानसलेल्या सोन्यातून लोखंडाचा कीस वेचायला.
दुकान विकून सहा वर्षं झाली.

"खिशाला सवय झालीया त्येची," म्हणाले,
आणि ओशाळून मागं सरकले.
पडद्यावर दोन्ही खळ्या
जवळ जवळ येत गेल्या.