स्मरणपत्र

नगरपालिकेच्या वाचनालयातलं ते पुस्तक
मुखपृष्ठ नसलेलं, चारशे बारा पानांचं.
लेखकाचं नाव कुठेच नाही,
शिक्का मात्र तीन ठिकाणी: वसमत, वसमत, वसमत.
कमरोद्दीनभाई म्हणाले, न्या,
पण शेवटावरून भांडायला येऊ नका. सगळे येतात.

एकतीस वर्षं एक बाई डोंगरावर बसून
आकाशाला कान लावते.
नवरा निघून जातो, दाढा पडतात, सरकारं पडतात,
आणि एका पहाटे ताऱ्यांकडून एक ओळ येते.
ती उलगडायला आणखी दोनशे पानं.
मला वाटलं होतं युद्ध असेल, किंवा औषध,
किंवा निदान पत्ता.

शेवटच्या पानावर ओळ उलगडते:
आमचं आधीचं पत्र पोचलं का?

बस्स. खाली पांढरं.
त्या पांढऱ्यावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं: पैसे परत द्या.

मीही चिडले. भाकरी थापताना चिडले.
मग सकाळी ऑफिसात आवक-जावकचं रजिस्टर उघडलं.
हळदीचा हंगाम, मोंढ्यातून आलेली पिवळी धूळ पानावर.
फुंकर मारली आणि थांबले.
सतरा वर्षं मी हेच तर लिहितेय:
संदर्भ, आपले मागील पत्र.
स्मरणपत्र एक. स्मरणपत्र दोन.
माझ्यासारखीनं दचकावं असं
त्यात होतं तरी काय?

पण कादंबरी एक सांगत नाही:
आधीचं पत्र कुणाच्या टेबलावर आलं होतं.
इथला काळा दगड अजून पातळ, लालभडक
वाहत होता, तेव्हा?
कुणी सही करून घेतलं
आणि चहाला गेलं?

तीनच्या सुमारास पांगऱ्याचे भुजंगराव टोम्पे आले.
"बाई, जमिनीतून आवाज येऊलालाय म्हणून
अर्ज दिल्ता. पोळ्याच्या आधी."
शोधला. 'इतर' नावाच्या फायलीत होता.
माझीच सही, माझाच गोल शिक्का.
रात्री गडगड होते, फळीवरचे डबे हलतात,
लेकरं अंगणात झोपवतो.
काय केलं त्याचं, असं त्यांनी विचारलंच नाही.
पोचला होता ना, एवढंच.
पोचला होता, म्हटलं.
ते समाधानानं उठले.
मला ते समाधान सोसेना.

पुस्तक परत केलं. कमरोद्दीनभाई भांडणाची वाट बघत होते.
विचारलं, याचा पहिला भाग आहे का?
असेल, म्हणाले.
आपल्यापर्यंत आला नाही.

परवा रात्री तो आला, खालून.
आधी भांड्यांच्या मांडणीत बारीक किणकिण,
मग घराच्या पोटात गुरगुर,
ट्रक जावा तशी, पण जिकडे रस्ता नाही तिकडून.
उठून बसले. दोन वाजून सोळा.
रजिस्टर ऑफिसात,
म्हणून तळहातावरच बॉलपेननं वेळ टिपली.
काय लिहायलीस, नवरा कुशीवरून.

आवक, म्हटलं. झोपा.