रिकामा अंगठा

मियो गावात एक्केचाळीस वर्षं
मी हातमोजे शिवले. कोकराचं कातडं,
ओलं करून ताणायचं, मग कापायचं.
अंगठा मात्र वेगळा कापायचा,
तो तळव्यातून आपसूक उगवत नाही,
त्याला खिडकी पाडून आत बसवावं लागतं.

म्हणून तुम्ही पडद्यावर दाखवलीत, डॉक्टर बेनशेख,
हृदयाच्या डाव्या अंगाला लोंबणारी ती इवली पिशवी,
तेव्हा मला समजवायची गरज नव्हती.
अंगठा आहे, म्हटलं. रिकामा.
तुम्ही हसलात. आम्ही त्याला कान म्हणतो, म्हणालात.

ठोक्यांची लय बिघडली की म्हणे रक्त तिथे रेंगाळतं,
सुट्टीत कारखान्याच्या जिन्यावर पोरी रेंगाळायच्या तसं,
आणि रेंगाळता रेंगाळता थिजतं.
मग कधीतरी गुठळी सुटते
थेट वरच्या मजल्याकडे.

आईची सुटली. एका मंगळवारी, सूप ढवळताना.
पुढची चार वर्षं ती प्रत्येक वस्तूला चमचा म्हणाली.
दाराला चमचा. पावाला चमचा.
मला चमचा.
तिच्या उजव्या हातात मोजा चढवताना
बोटं आपापल्या घरात जायला तयार नसायची.

रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्यात. घेतल्या.
पण सुई टोचली की थांबायचंच नाही,
पांढऱ्या कातड्याच्या चार जोड्या ठिपक्यांनी वाया गेल्या.
मग पोटातून गेलं, काळं, डांबरासारखं,
जानेवारीत दोन बाटल्या चढवल्या.
तेव्हा तुम्ही म्हणालात, तो अंगठाच बंद करू.

मी विचारलं, कुठला टाका? दुहेरी की उलटा?
शिवण कधी कधी आतल्या आत सैल पडते, म्हणालात,
बारीक फट राहते, ती जास्त वाईट.
चिमटा लावू.

चिमटा!
जन्मभर शिवत आलेली बाई मी,
आणि माझ्या काळजाला कपडे वाळत घालायचा चिमटा.
माँपेलियेहून परतताना बसमध्ये
शेजारच्या माणसानं दिलेलं जर्दाळूसुद्धा घेतलं नाही.

पण लार्झाकचं पठार चढू लागलं आणि मामा आठवला.
कोकराच्या शेपटीला मुळाशी रबरी कडी घालायचा.
ना सुई, ना दोरा.
रक्त पोचेनासं झालं की शेपूट आपली आपण सुकायची,
कोकरू दुसऱ्या दिवशी उड्या मारत आईला लुचायचं.
त्याच कोकरांवर तर माझं पोट चाललं.

डाव्या कुशीत तीन भोकं. कोटाच्या काजाएवढी.
टाके मी आरशात तपासले: बरे आहेत,
शेवटची गाठ जरा घाईची.

ठोके अजून तसेच, वेडेवाकडे.
ते मी बदललेले नाहीत, तुम्ही सांगितलंत,
आणि कसलीच हमी शंभर टक्के नसते, तेही.
बरं केलंत सांगितलंत.
रोज पहाटे, कॉफी ठेवण्याआधी,
मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं म्हणते:
दार. पाव. कात्री. सोलांज.
आणि चमच्याला
चमचा.