प्रातिनिधिक मंगळवार

स्टॉकपोर्टमध्ये ए-सिक्सच्या कडेला, बसथांब्यापासून सात पावलांवर
तिपाई उभी केली. मायक्रोफोनला फोमची टोपी.
वारा कमी, शाळा चालू, बँक हॉलिडे नाही,
आणि मुख्य म्हणजे रस्ता कोरडा.
ओल्या डांबरावर टायर जास्त बोलतात, ते धरायचं नसतं.
या गावात कोरडा मंगळवार मिळायला
मला तीन आठवडे लागले.

पहिल्या मिनिटाला आकडा उड्या मारतो:
एकशे ब्याण्णव नंबरची बस, मग काहीच नाही, मग सिमेंटचा मिक्सर.
पाचव्याला दमतो.
बाराव्याला शेपूट गुंडाळून बसतो. एकाहत्तर.
आता तासभर थांबले तरी कान तेवढा हलवेल.

समोरच्या घरातून मॉरीन थॅकरे चहा घेऊन आल्या.
"किती वेळ मोजतेस?"
पंधरा मिनिटं, म्हटलं. दिवसातून तीनदा.
"मी एकतीस वर्षं ऐकतेय.
माझा आकडा कुणी विचारला नाही."
चहात साखर नव्हती. प्यायले.

मग त्यांनी मागच्या खोलीत नेलं.
खिडकीखाली गल्ली, कचऱ्याचे डबे, कुणाची तरी गंजकी सायकल.
इथे मीटर रात्रभर ठेवला तरी आकडा ठरायचा नाही.
चार तास सामसूम,
आणि दोन वाजता एकच मोटरसायकल
अख्ख्या रात्रीची सरासरी दातांत धरून पळणार.
डेसिबलची बेरीज सरळ नसते,
एक किंचाळी हजार गप्प मिनिटांना पुरून उरते.
साहेबांना हे सांगून पटत नाही:
गजबजलेला रस्ता पाव तासात कळतो,
गल्लीला आठवडा लागतो. कधी तोही पुरत नाही.

"डेरेक इथे झोपायचा," मॉरीन म्हणाल्या.
"बोलायचा नाही फारसं.
त्या एप्रिलमध्ये गॅसवाल्यांनी रस्ता खणला, नऊ दिवस सगळं बंद.
तेव्हा पहिल्यांदा त्याचा श्वास मला भिंतीपलीकडून ऐकू आला.
कसा अडकत होता ते.
तो आठवडा तू मोजला असतास?"

नसता.
रस्ता बंद असल्यास मापन ग्राह्य नाही, असं फॉर्मवरच छापलंय.

कप विसळून ठेवला. बाहेर आले तर
भुरभुर सुरू झालेली.
मीटर बंद केला, पेटीत घातला, कडी लावली.
टायर बोलायला लागले होते.
बस चुकली तरी उभी राहिले.