चाकाला तेल घालू नका

मार्च सरत आलाय. जर्दाळू फुलावर.
फरगणा खोऱ्याच्या टोकाला, जिथे नकाशातली रेघ
एका ओसरीतून शिरते आणि गोठ्यातून बाहेर पडते,
तिथे आज कालव्याचा गाळ काढायचाय.

दिवस ठरला तो असा:
वरच्या गावातून मिर्झाकुलने निरोप धाडला,
"सोमवारी आम्ही येतोय. तुम्ही या, नका येऊ."
खालून ओयमहमदचा जबाब,
"आम्ही रविवारीच येणार होतो."
आले दोघेही सोमवारीच.

दोन वर्षांमागे याच पाण्यावरून
आधी शिव्या गेल्या, मग दगड, मग गोळ्या.
बुरुलचाचं घर जळलं.
गुलअंदामचा धाकटा वासरू शोधायला गेला,
संध्याकाळी वासरू एकटंच परत आलं.
याचा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही.
मांडायला बसले असते
तर फावडी वेगळ्याच कामाला लागली असती.

सकाळभर तोंडातून शब्द नाही.
वरचे वरून उपसत आले, खालचे खालून,
मध्ये वीस हात चिखल, मग दहा, मग
फावड्याला फावडं लागून ठण्ण झालं.
"पाय सांभाळ," एकजण म्हणाला.
दुसऱ्याला त्याची भाषा येत नव्हती,
पाय मात्र त्याने मागे घेतला.

गाळातून निघालं ते:
एका पायाचा रबरी बूट, सामोवारची तोटी,
मूठभर पितळी टरफलं, गोळ्या निघून गेलेली,
आणि एक काळी पडलेली बिजागरी.
ओयमहमदच्या सुनेने ती पदराआड पुसली
आणि काही न बोलता बुरुलचापुढे धरली.
तिचीच असेल असं नाही,
जळलेल्या बिजागऱ्या एकसारख्या दिसतात.
बुरुलचाने ती खिशात टाकली.
"चला," म्हणाली, "आता नुसतं दार बघायचं."

वरचे पाण्याला सू म्हणतात, खालचे ओब.
त्या ओबचाच कुणी सोयरा
फिरत फिरत माझ्या भाषेत आला आणि आब झाला.
पाणी वाटेतच सांडलं.
आम्ही आब राखतो.
इथे तो वाटून घ्यावा लागतो, तासातासाने,
पहाटे तीनला कंदील घेऊन.

आणि या कामाला म्हणतात हशार.
म्हणजे आपली इर्जिकच की, मी म्हटलं मनात.
पण इर्जिकीत जेवण रानाचा धनी घालतो,
कालव्याचा धनी कोण?
म्हणून पुलाव दोन कढयांत शिजला.
वरच्यांनी खालच्यांचा खाल्ला, म्हणाले, गाजर जाड चिरलंय.
खालच्यांनी वरच्यांचा खाल्ला, म्हणाले, मीठ कमी.
दोन्ही कढया खरवडून संपल्या.

शेवटी दरवाजा. लोखंडी, त्याला गाडीच्या चाकाएवढं चाक.
पूर्वी दोन कुलपं होती, ती गोळीने उडाली.
राजधानीतून आलेला तरणा इंजिनियर म्हणाला,
"थोडं तेल घातलं तर एका हाताने फिरेल हे."
सगळे गप्प.
मग "नको," मिर्झाकुल म्हणाला,
आणि "नको," ओयमहमद, आपल्या भाषेत.
"एका हाताने फिरणारं चाक
एके रात्री एकच हात फिरवून जातो."
"पण गंज..."
"गंज आम्ही बघतो. दरसाल. दोघं मिळून."

चार हात लागले. चाक हललं नाही.
सहा लागले. कुरकुरलं, थांबलं.
गुलअंदाम दिवसभर काठावर उभी होती, दूर.
ती उतरली. कुणाकडे पाहिलं नाही,
मिर्झाकुलच्या हाताशेजारी हात ठेवला आणि रेटलं.

क्षमाबिमा काही नव्हतं ते.
खाली तिची तीन झाडं आहेत, धाकट्याने लावलेली.

पाणी सुटलं. आधी गढूळ, फेस, पाचोळा,
कुणाची तरी चप्पल.
माणसं हसली, बोटं दाखवू लागली.
ती हात धुवायलाही थांबली नाही,
काठाकाठाने झपाझप निघाली.
तिला पाण्याआधी घरी पोचायचं होतं.